घोड्याच्या चंदीतील आपला वाटा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय जाहीर होताच आपणांपैकी काहींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्ही पाहिले. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर शिष्यवृत्त्या, वधूवर-सूची, कार्यालयाची इमारत हे विषय शोभतात. तेथे घोडा कोठून आला, ही शंका स्वाभाविक आहे. घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक तर रणांगण येते, नाही तर वरात. परंतु या प्राण्याने गेल्या पाऊणशे वर्षांत एक तिसरे कार्य अंगावर घेतले आहे. ज्या मुलांना स्वतःचे पाय साथ देत नाहीत, त्यांना आपले चार पाय उसने देण्याचे ते कार्य होय.

या कार्याकडे जगाचे लक्ष वेधले ते डेन्मार्कमधील लिस हार्टेल नामक एका स्त्रीने. १९४४ साली, गरोदर असतानाच, तिला पोलिओने गाठले. कन्या सुखरूप जन्मली, परंतु मातेचे गुडघ्याखालील पाय कायमचे लुळे झाले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास तिला दुसऱ्याचा हात लागे. तरीही तिने रपेट सोडली नाही. १९५२ सालच्या हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये घोड्याच्या शिस्तबद्ध चालीच्या स्पर्धेत स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला; तोवर हे क्षेत्र लष्करी अधिकाऱ्यांचेच होते. त्या पुरुषांच्या मेळ्यात हार्टेलबाईंनी रौप्यपदक मिळविले, आणि १९५६ साली पुन्हा मिळविले. पुढे १९६९ साली इंग्लंडात व अमेरिकेत, दोन्हीकडे, अपंगांच्या अश्वारोहणासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या. आज अशी केंद्रे अनेक देशांत आहेत.

आता घोडा करतो तरी काय? चमत्कार खचितच करीत नाही. घोडा संथ पावलांनी चालू लागला, की त्याच्या पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळत अशी तिन्ही तऱ्हांनी हलते. मनुष्य स्वतःच्या पायांनी चालताना कंबरेची हालचाल जवळजवळ अशीच होते. ज्या बालकाने जन्मात एक पाऊल टाकले नाही, त्याच्या देहास चालण्याचा अनुभव असा घोड्याच्या पाठीवरून मिळतो. तोल सावरण्यासाठी पाठीचे व पोटाचे स्नायू दर पावलास झटत राहतात. मूल मात्र व्यायाम करीत नसते, ते घोड्यावर बसलेले असते! डोक्यास शिरस्त्राण, घोड्यापुढे लगाम धरणारा एक आणि मुलाच्या दोन्ही बाजूंस एकेक साहाय्यक असा सरंजाम बहुधा असतो. स्वमग्न मुलांनाही या उपक्रमाचा काही लाभ होतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पद्धतशीर अभ्यासात आढळले. शंभराहून अधिक मुलांच्या त्या अभ्यासात घोड्यावर बसणाऱ्यांची चिडचिड व अतिचंचलता अधिक कमी झाली. तथापि याने व्याधी समूळ जाते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. हा औषधोपचाराला व व्यायामोपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे. वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून मुलास घोड्यावर बसवूही नये.

परंतु आमच्या आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा याच्याही पुढे आहे. मूल घोड्यावर अर्धा तास बसते. घोड्याला मात्र चोवीस तास जगवावे लागते. मध्यम बांध्याच्या घोड्यास रोज आठ-दहा किलो सुके गवत लागते. पाणी पंचवीस ते पंचेचाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. शिवाय काम असेल त्याप्रमाणे चंदी. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने खूर तासावयाचे, वर्षाकाठी दात पाहावयाचे, लसी टोचावयाच्या. घोड्यास ओकारी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला तर प्राणावर बेतते व अश्ववैद्यास रात्री-बेरात्री धावावे लागते. घोडा का अडला, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे उत्तर आपण जाणताच: न फिरविल्यामुळे. तेव्हा मुले नसतील त्या वेळी जाणत्या स्वाराने त्यास फिरविलेही पाहिजे. मुलांनी भरलेल्या शुल्कातून हा सारा खर्च भागविणे कठीण. आणि भागवावयाचे म्हटले, तर ते शुल्क गरीब आईबापांच्या आवाक्याबाहेर जाते.

यावर तेथील केंद्रांनी जो उपाय योजिला आहे, त्यास घोड्याचे पालकत्व म्हणावे. केंद्र आपल्या घोड्याचे नाव, चित्र व स्वभाव प्रसिद्ध करते. कोणी त्याचा वर्षाचा संपूर्ण खर्च उचलतो, कोणी मासिक वाटा घेतो, कोठे एखाद्या शाळेचा वर्ग मिळून एका घोड्याचे गवत पुरवितो. घोडा केंद्राचाच राहतो. पालकास त्यावर बसण्याचा हक्क नसतो. त्यास घोड्याची खुशाली कळविणारे पत्र येते, एवढेच. आपल्याकडे घरोघरी गोग्रास काढीत, पांजरपोळास चाऱ्यासाठी देणगी देत, त्यातलाच हा प्रकार आहे. कित्येक जण दान म्हणून घोडाच देऊ पाहतात. परंतु धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हा न्याय येथे चालत नाही. लंगडणारा किंवा बुजरा घोडा मुलाच्या जिवावर उठेल. म्हणून केंद्र दात, पाय व स्वभाव पारखून घेते आणि पुष्कळदा नम्रपणे नकार देते. घोडा देण्यापेक्षा, असलेल्या घोड्याची चंदी देणे अधिक उपयोगाचे ठरते. शिवाय घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, काम मात्र त्याआधीच थांबते. ज्याने शेकडो मुले वाहिली, त्याच्या वार्धक्यातही त्यास दाणागोटा मिळावा, हेही या पालकत्वात येते.

बंधुभगिनींनो, या साऱ्यातून आपल्या मंडळाने काय घ्यावे? इमारतीस देणगीदार मिळतो, कारण भिंतीवर नावाची फरशी बसते. गवतावर नाव कोरता येत नाही. म्हणून चालू खर्चास देणारा विरळा, आणि संस्था मरतात त्या बहुधा चालू खर्चावाचून.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शिक्षकाच्या पेशात आम्ही एकाच घरातील तीन-चार भावंडांची नावे हजेरीपटावर लिहिली, आणि त्याच घरात आणखी एक मूल आहे हे वर्षानुवर्षांनी कळले. ते मूल माजघरात होते. बहिणीचे लग्न अडेल, पाहुणे काय म्हणतील, या भयाने ते ओसरीवरही आणले जात नसे. आपल्या ज्ञातीत हे आता उरले नाही, असे छातीस हात लावून कोण म्हणेल? २०१६ साली संसदेने केलेल्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देऊन हक्क दिले आहेत. परंतु कायदा माजघराची कडी काढू शकत नाही. ती घरच्या माणसांनीच काढावयाची असते. परदेशातील लोक अनोळखी मुलांसाठी घोडा पोसतात. आपण आपल्या रक्तामांसाच्या मुलास निदान चारचौघांत आणावे, एवढे मागणे अधिक नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी. आपली जी कुटुंबे इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांनी जवळच्या अशा केंद्रात एखाद्या घोड्याचा लहानसा वाटा उचलावा आणि आठवड्यातून एक तास मुलांच्या बाजूने चालावयास जावे. येथे मंडळाने वेगळा निधी काढून ज्ञातीतील अपंग मुलांच्या व्यायामोपचाराचा, चाकाच्या खुर्चीचा, जाण्यायेण्याचा खर्च दरमहा द्यावा. रक्कम थोडी असली तरी चालेल, खंड मात्र पडू नये. मुदतीच्या ठेवीत पडून राहिलेला पैसाही, घोड्याप्रमाणेच, न फिरविल्याने अडतो. आणि पुढील संमेलनास ती मुले आपल्या आईबापांसह या सभागृहात पहिल्या रांगेत बसावीत. त्यांच्या खुर्च्यांसाठी व्यासपीठाच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा लागेल. त्यावर कोणाच्याही नावाची फरशी नको.