दयेची दुसरी पायरी



किहीमच्या समुद्रांत कोणी बुडूं लागला, तर किनाऱ्यावरचा कोळी त्याची जात विचारीत बसत नाहीं. तो होडी लोटतो. येशूच्या चांगल्या शोमरोन्याची कथाहि हेंच सांगते : जखमी परक्याला जो उचलतो, तोच त्याचा खरा शेजारी.

महाराष्ट्रांत ही शिकवण पंडिता रमाबाईंनीं आचरणांत आणली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें त्यांच्या शारदासदनावर धर्मांतराचा आक्षेप आला व १८९३ सालीं अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. तो वाद अद्यापि मिटलेला नाहीं. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत बाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें खंगलेल्या शेंकडों निराधार मुली व विधवा त्यांनीं आपल्या आश्रयास आणल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें अन्नवस्त्राबरोबर लिहिणें-वाचणें, विणकाम, छपाई यांचेंहि शिक्षण मिळूं लागलें.

भुकेल्यास घांस देणें ही दयेची पहिली पायरी; त्याला स्वतःच्या कष्टाचा घांस खातां येईल असें करणें, ही दुसरी. पहिलीवर देणारा मोठा दिसतो. दुसरीवर घेणारा मोठा होतो. श्रद्धा कोणाचीहि असो, तिची पारख या दुसऱ्या पायरीवरच होते.