कळसूबाईचा डोंगर आणि त्याचे पाणी



महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते, असे वर्गात विचारले की पोरे एका सुरात सांगतात, "कळसूबाई, १६४६ मीटर!" उत्तर बरोबर. पण हे शिखर सह्याद्रीच्या ऐन धारेवर नाही, हे किती जणांना ठाऊक असते? कोकणात कोसळणारी मुख्य धार पश्चिमेला राहते. तिथून पूर्वेकडे एक फाटा निघतो. त्यावर कुलंग, मदन, अलंग ओळीने उभे आहेत आणि त्यांच्या पुढे ही बाई. उत्तरेला इगतपुरी तालुका, दक्षिणेला अकोले. गुरुजी, ही फांदी फळ्यावर काढून दाखवाच. नकाशातल्या ठिपक्यावरून ती उमगत नाही.

डोंगर सगळा लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढले. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून सपाटी होते. म्हणून लांबून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. बारी गावाकडून चढणाऱ्याच्या पोटऱ्यांना हे पुस्तकाच्या आधी कळते! फारच उभा कडा येतो तिथे लोखंडी शिड्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ. नवरात्रात वाट माणसांनी फुलून जाते.

आता पाण्याचे. दक्षिण अंगाचा पाऊस कृष्णवंतीतून प्रवरेला जातो, उत्तरेचा दारणेला. माथ्यावर शेजारीशेजारी पडलेले दोन थेंब असे दोन वाटांनी निघतात. एक निफाड तालुक्यात गोदावरी गाठतो, दुसरा नेवाशाकडे टोक्याला. पैठणच्या नाथसागरात पुन्हा दोघांची गाठ.

आणि डोंगरावरच्या वाड्यांना काय उरते? आषाढ-श्रावणात घराबाहेर पडवत नाही इतका पाऊस, अन् चैत्र-वैशाखात बायांच्या डोईवर हंडे. उतार तीव्र, माती पातळ, खाली काळा पाषाण. पाणी थांबतच नाही. ते निळवंडे धरणात जाऊन खालच्या तालुक्यांची शेते भिजवते. भिजवू द्या, पण ज्यांच्या अंगणात ते पडते त्यांना घोटभर नको का?

मऊ थरात मुरलेले पाणी कठीण थरावर अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. तेव्हा झरा राखायचा तर त्याच्या वरची झाडी राखली पाहिजे. १९८६ पासून हा मुलूख अभयारण्य आहे, तरी वणव्याला कायदा वाचता येत नाही. वरच्या उतारावर दगडांचे आडवे बांध घातले, गवत पेटू दिले नाही, तर झरा जास्त दिवस टिकतो.

गुरुजी, एक करा. मार्गशीर्षात मुलांना गावच्या झऱ्यावर न्या, हंडा लावा, भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून वहीत लिहा. फाल्गुनात पुन्हा तोच हंडा घेऊन जा.