लढाई सत्तेची, मीठभाकर रयतेची

(औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें मुक्तिदिनाच्या सभेंत झालेलें भाषण)



दरसाल १७ सप्टेंबरला आपण जमतों, निशाणाला वंदन करतों, हुतात्म्यांचीं नांवें घेतों. हें योग्यच आहे. परंतु १९४७-४८ च्या त्या तेरा महिन्यांत या शहरांतल्या गरिबाची चूल कशी पेटत होती, हें आपणांपैकीं किती जणांनीं विचारलें आहे? मी आज त्या चुलीविषयीं बोलणार आहें.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली खान संघराज्यांत सामील झाले नाहींत. ७ ऑगस्टलाच स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें लढा पुकारला होता. इकडे कासीम रझवीचे रझाकार हत्यारें घेऊन फिरूं लागले. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला, पण जैसे थे कांहींच राहिलें नाहीं. हिंदु कुटुंबें सरहद्द ओलांडून मुंबई इलाख्यांत चाललीं. तिकडचीं भ्यालेलीं मुसलमान कुटुंबें निजामाच्या आश्रयास आलीं.

पण मंडळी, पळावयालासुद्धां पैसा लागतो! येथला रुपया हाली, पलीकडचा कलदार. शंभर कलदारांस सुमारें ११६ हाली मोजावे लागत. ज्याचे नातलग पुण्या-नगरास, ज्याची सावकारी किंवा वकिली, त्यानें बायकामुलें पाठविलीं. हिमरू विणणारा कारागीर, गिरणींतला मजूर, टांगेवाला, मोळी विकणारी बाई यांनीं कोठें जावें? तीं येथेंच राहिलीं. त्यांत हिंदु होते, मुसलमान होते, महार-मांग होते. रोजची मजुरी बुडाली तर सांजची भाकर बुडे, हा त्या सर्वांचा एकच धर्म होता.

१९४८ सालीं संस्थानाकडे येणाऱ्या मालाची नाकेबंदी झाली. पेट्रोल, औषधें, मीठ यांची ओढ लागली. संस्थानास समुद्र नाहीं. मीठ बाहेरूनच यावयाचें. माझी आजी सांगे कीं, त्या दिवसांत घरांत लपविण्याजोगा दागिना नव्हताच. ती मिठाचें गाडगें उतरंडीच्या तळाशीं लपवी. नाकेबंदी निजामाच्या सरकाराविरुद्ध होती. अळणी आमटी मात्र आमच्या पोरांच्या ताटांत आली.

हें केवळ आपल्याच येथें झालें असें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. ज्या यादवी युद्धांत ती गुलामी मोडली, त्यांत रिचमंड ही दक्षिणेकडील बंडखोर राज्यांची राजधानी होती. तेथें २ एप्रिल १८६३ रोजीं उपाशी बायकांनीं भाकरीसाठीं दुकानें फोडलीं, तेव्हां बंडखोर सरकारनें त्यांस गोळीबाराची धमकी दिली. गुलामांच्या मालकांनीं युद्ध मांडलें आणि पोट गरीब बायकांचें जळलें!

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज संस्थानांत शिरली. दुसऱ्याच दिवशीं दुपारीं येथल्या मुलकी अधिकाऱ्यांनीं शरणागती दिली. १७ तारखेला निजाम नमले. शहराचा जीव भांड्यांत पडला. पण पुढचें सांगितलें नाहीं तर मी खोटा ठरेन. रझाकारांचा जुलूम खरा होता; त्याचा सूड मात्र पुष्कळ ठिकाणीं निरपराध मुसलमानांवर उगविला गेला. सुक्याबरोबर ओलें जळालें. सरकारनेंच पाठविलेल्या सुंदरलाल समितीनें साऱ्या संस्थानांत २७ ते ४० हजार माणसें मेलीं असा अंदाज केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. तो अहवाल कैक वर्षें दडून राहिला. २०१३ च्या सुमारास तो लोकांच्या वाचनांत आला.

आणि ज्यांनीं हा खेळ मांडला त्यांचें काय झालें? निजाम १९५० सालीं राजप्रमुख झाले. रझवी तुरुंग भोगून १९५७ सालीं सुटला व पाकिस्तानांत गेला. ज्याचें घर जळालें तो विणकर, ज्याचा मुलगा गेला तो कुणबी, त्यांस कोणी कोणतें पद दिलें?

म्हणून माझें मागणें साधें आहे. ज्याच्यापाशीं तुरुंगाचा दाखला त्याचें नांव कागदावर आलें. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखें एखादें बाईचें नांव राहिलें. पण जिनें रात्रीं शेजारच्या मुसलमान पोरांस कणग्यांमागें लपविलें, किंवा जिनें रझाकारांच्या भीतीनें बसलेल्या हिंदु शेजारणीस पीठ पोंचविलें, तिला दाखला कोण देणार? त्या वेळीं दहा वर्षांचें जें पोर होतें तें आज ऐंशीच्या पुढें गेलें आहे. आज घरीं जा, म्हाताऱ्यांपाशीं बसा, त्या वेळीं काय खाल्लें, कोणी दिलें, कोणास भ्यालां हें विचारा आणि लिहून ठेवा. हिंदूचें लिहा, मुसलमानाचेंही लिहा. आपण लिहिलें नाहीं, तर उद्यां दुसरे लिहितील, आणि त्यांत आपली चूल नसेल.