संघातून नाव गळाल्यावर

१९ फेब्रुवारी २०२५. नागपूरजवळ जामठ्याला विदर्भ-मुंबई रणजी उपांत्य सामन्याचा तिसरा दिवस. मुंबईचे खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरले होते, कारण त्या दिवशी मुंबईचे जुने अष्टपैलू मिलिंद रेगे गेले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी ७६ पूर्ण केली होती. भारताकडून एकही कसोटी न खेळलेल्या माणसासाठी या फिती होत्या. पुढे तो सामना आपल्या विदर्भानं ८० धावांनी जिंकला, हे चंद्रपुरात सांगायला नको!

रेगे ऑफस्पिन टाकायचे आणि खालच्या फळीत फलंदाजी करायचे. १९६६-६७ ते १९७७-७८ या काळात प्रथम श्रेणीचे ५२ सामने, १५३२ धावा, १२६ बळी. हे आकडे ऐकून कोणी शिट्टी मारणार नाही. अष्टपैलू माणसाची हीच गोची असते. शतकांच्या यादीत तो नसतो, बळींच्या यादीत पहिल्या पाचांत नसतो. पण सहा बाद दीडशे झाले की ड्रेसिंग रूममध्ये सगळे त्याच्याकडे बघतात. त्यात भारताकडे तेव्हा प्रसन्ना आणि वेंकटराघवन असे दोन ऑफस्पिनर. तिसऱ्याला जागा कुठली? गावसकर त्यांचे शाळासोबती. एक जगभर गाजला, दुसरा मुंबईपुरता राहिला. सव्विसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊनही रेगे परतले आणि मुंबईचे कर्णधारही झाले.

मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. खेळ सुटल्यावर ते मुंबईच्या निवडसमितीत गेले. १९८८ मध्ये पंधरा वर्षांच्या तेंडुलकरला रणजीत घेणाऱ्या समितीत ते होते. पुढे निवडसमितीचे अध्यक्ष, मग मुंबई क्रिकेट संघटनेचे सल्लागार. बारा हंगाम खेळलेला माणूस त्यानंतर चार दशकं क्रिकेटच्या कामी आला.

हे जमलं, त्यात स्वभावाचा वाटा होताच. पण त्या काळच्या व्यवस्थेचाही होता. त्या पिढीला सामन्याचे पैसे मिळायचे ते चणे-फुटाण्यांपुरते. घर चालायचं नोकरीवर. टाटा, एसीसी, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक यांचे संघ टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या स्पर्धेत भिडायचे. बॅट खाली ठेवली तरी पगार चालू राहायचा.

आज उलट आहे. २०२१ च्या दरानं चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला अंतिम अकरात असल्यास दिवसाला ६० हजार मिळतात. साखळीतले चार दिवसांचे सात सामने धरले तर १६ लाख ८० हजार. चांगलेच आहेत, कोणाला वाईट का वाटावं! पण नाव गळालं की दुसऱ्या दिवशी शून्य. आणि जागा तर कोणाचीच पक्की नसते. विदर्भाकडून खेळलेल्या आदित्य सरवटेचंच बघा. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात त्यानं सौराष्ट्राचे अकरा बळी घेतले, पुजाराला दोन्ही डावांत बाद केलं. २०२५ च्या अंतिम सामन्यात तोच नागपूरचा मुलगा केरळकडून आपल्याविरुद्ध ७९ धावा करत होता. त्याच हंगामात सरवटेसारखीच डावखुरी फिरकी टाकणाऱ्या आपल्या हर्ष दुबेनं ६९ बळींचा विक्रम केला, वर ४७६ धावा. अशा अष्टपैलूची संघात जागा एकच असते, आणि ती रिकामी राहत नाही.

आता आपल्या जंगलपट्टीकडे येऊ. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. आणखी दूरच्या सिरोंच्याहून निघालेल्या पोराचा प्रवासातच दिवस जातो. बहुतेक पोरं टेनिस बॉलवर वाढतात. लेदर बॉल हाती येईपर्यंत मनगट आणि पाय टेनिसच्या उसळीला सरावलेले असतात. गावोगावच्या टुर्नामेंटमध्ये मोठमोठी बक्षिसं लागतात, डीजे वाजतो, पाहुण्यांचे सत्कार होतात. पंच मात्र ऐनवेळी गर्दीतून उचलतात. मला हे पटत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून दोन मागण्या. वेकोलिच्या कोळसाखाणी, वीज केंद्र, कागद गिरणी, आयुधनिर्माणी इथं आहेत. यांनी जिल्ह्यातल्या निवृत्त खेळाडूला नोकरी द्यावी आणि आठवड्याचे दोन दिवस त्याला चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला मोकळं सोडावं. आणि टुर्नामेंटवाल्या मंडळींनी यंदा डीजेचे पैसे मॅटिंगच्या खेळपट्टीवर, लेदर बॉलवर आणि परीक्षा दिलेल्या पंचांच्या मानधनावर खर्च करावेत. खेळणं थांबवलेले आपल्यातले कोणी पंचांच्या परीक्षेला बसणार असतील, तर व्याख्यान संपल्यावर मला इथंच भेटा.