घरचा संगणक : आधी काय बदलावे?
(पालक मेळाव्यातील भाषण)



"सर, संगणक मंद झाला, प्रोसेसर बदलू का?" असे पालक मला नेहमी विचारतात. आधी माझीच चूक सांगतो. मुलीच्या अभ्यासासाठी पगारातून पैसे साठवून मी महागडा प्रोसेसर घेतला. तो जुन्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसेना! पैसे अडकले, अभ्यासही खोळंबला.

खरा दोष प्रोसेसरचा नव्हताच. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. हवी ती माहिती गाठायला दर वेळी दहाएक मिलिसेकंद जातात आणि तोवर प्रोसेसर ताटकळत बसतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो; तेच काम मिलिसेकंदाच्या अंशात होते. ती बसवली आणि आमचा जुना संगणक पुन्हा कामाचा झाला.

म्हणून खर्चाआधी टास्क मॅनेजर उघडून पाहावा. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवावी. ती मोकळी असून डिस्क १०० टक्क्यांवर अडत असेल, तर एसएसडी घ्यावी. प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांवर असेल तरच तो बदलावा. तेही सॉकेट व बायोस जुळतात याची खात्री करून.

मात्र एक ध्यानात असू द्यावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रात फार पैसे घालू नयेत.

हा पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांतूनच वाचवलेला असतो. तो विचाराने खर्च व्हावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.