व्हिसा लागत नाही, मग काय लागतं?

मी बेंगळुरूहून बोलते आहे. परदेश प्रवासाची तिकिटं आणि कागदपत्रं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येणारी मराठी माणसं फक्त या शहरातली नसतात. बेळगाव, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रातोरात येतात आणि बँकॉक नाहीतर क्वालालंपूरचं विमान पकडतात. आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "व्हिसा लागत नाही ना, मग झालं!"

झालं नाही. ते कसं, तेवढंच आज बोलायचं आहे.

व्हिसा काढताना काय होतं? वकिलात आधीच विचारते. पैसे किती, राहणार कुठे, परत कधी येणार. व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे ही चौकशी रद्द झाली असं नाही, फक्त तिची जागा बदलली. आता ती होते पोचल्यावर, रात्रभर जागून डोळे चोळत तुम्ही काउंटरसमोर उभे असता तेव्हा. वकिलातीने नाही म्हटलं तर फीचे पैसे जातात. काउंटरवर नाही म्हटलं तर तिथूनच परतीचं विमान, आणि हॉटेलचे पैसेही गेले. आत घ्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्या अधिकाऱ्याचाच.

खरं तर पहिली सीमा इथेच, आपल्या केम्पेगौडा विमानतळावर लागते. नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते. म्हणून चेक-इनची मुलगी परतीचं तिकीट मागते. ती उगाच त्रास देत नसते.

थायलंडचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांनी भारतीयांना 30 दिवस व्हिसाशिवाय यायला परवानगी दिली, 15 जुलै 2024 पासून ते 60 दिवस केले. थोड्याच काळात किती बदल झाले बघा! म्हणून कुणाच्या मामेभावाने काय सांगितलं यावर जाऊ नका. तिकीट काढताना आणि निघायच्या आठवड्यात, दोन्ही वेळा त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ बघा. 1 मे 2025 पासून तिथे डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. मलेशियाचंही तसंच कार्ड आहे, तेही फुकट. तरी त्यासाठी पैसे उकळणारी नकली संकेतस्थळं आहेत. सरकारी पत्त्यात थायलंडसाठी 'डॉट जीओ डॉट टीएच' आणि मलेशियासाठी 'डॉट जीओव्ही डॉट एमवाय' असतं, ते तपासा.

पैशांचंही तसंच. थायलंडच्या नियमात माणशी 20,000 बात किंवा कुटुंबामागे 40,000 बात जवळ असावेत असं आहे. प्रत्येकाला विचारतात असं नाही. पण ज्याला विचारतात, त्याने "माझ्याकडे यूपीआय आहे" म्हणून भागत नाही.

पासपोर्ट निदान सहा महिने चालू हवा. आणि कृपा करून कागद छापून घ्या. एका आजी-आजोबांचं तिकीट, हॉटेल, विमा, सगळं मुलाच्या फोनमध्ये. मुलगा पलीकडच्या रांगेत, फोनला नेट नाही. आजोबांना हॉटेलचं नावही सांगता येईना. दीड तास बसवून ठेवलं त्यांना. शेवटी सोडलं, पण आजींचा रक्तदाब त्या दीड तासात काय झाला असेल! आता मी प्रत्येकाच्या हातात चार कागदांची स्वतंत्र फाइल देते.

नेपाळ-भूतान घरचेच, असं आपण म्हणतो. 1950च्या करारापासून नेपाळला व्हिसा नाही, हे खरं. पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते फक्त 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना. भूतानला आधार नाहीच. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आणि भारतीयांना रात्रीमागे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला, ते. नोकरी.

"बँकॉकला डेटा एंट्रीचं काम आहे, पगार चांगला, व्हिसा लागतच नाही, टुरिस्ट म्हणून जा, बाकीचं आम्ही बघतो." असा निरोप मोबाइलवर आला की पोरं बॅग भरतात. अशा किती तरी पोरांना बँकॉकहून गाडीने माए सोतला नेलं, तिथून नदीपलीकडे म्यानमारमध्ये, म्यावाडीच्या बाजूला, ऑनलाइन फसवणुकीच्या कोंडवाड्यांत. पासपोर्ट काढून घेतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून 549 भारतीयांना परत आणलं. व्हिसामुक्त प्रवेश फिरण्यासाठी आहे, पगारी कामासाठी नाही. काउंटरवर "फिरायला आलोय" असं खोटं बोलायला जो मालक सांगतो, तो मालक नव्हे.

इथे ईसीआर शिक्काही समजून घ्या. दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतल्या अनेकांच्या पासपोर्टवर तो असतो. 1983च्या कायद्याप्रमाणे अशांना ठरावीक देशांत कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. त्या यादीत थायलंड आणि मलेशिया दोन्ही आहेत. त्यामुळे असा पासपोर्ट घेऊन तुम्ही पर्यटक म्हणून निघालात, तर आपलाच अधिकारी बेंगळुरूत दोन प्रश्न जास्त विचारतो. पोरं चिडतात त्याच्यावर. मला मात्र वाटतं, अजून दोन विचारावेत. नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतं.

आणि काउंटरवर बाजूला बसवलंच तर? आवाज चढवू नका, नोट पुढे सरकवू नका. विचारलं तेवढंच, खरं सांगा. भाषा कळत नसेल तर दुभाषा मागा. आपल्या दूतावासाचा नंबर त्या फाइलच्या पहिल्या कागदावर पेनाने लिहिलेला असू द्या, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.