आधी विचारा: दोन कॉलममध्ये अंतर किती?



मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मोहल्ल्यात लायब्ररी किंवा हॉल बांधायचा ठरला की लोक विचारतात, "सोलर किती बसवायचं?" मी विचारतो, "दोन कॉलममध्ये अंतर किती?"

एक टन नवं स्टील तयार होताना जगात सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून स्टील कमी लागणं महत्त्वाचं. दर मीटरचा भार तोच ठेवून स्पॅन दुप्पट केला, तर बीमला वाकवणारा जोर चौपट होतो. तोच बीम वापरला तर तो सोळापट झुकतो. सभेच्या हॉलला मोकळी जागा हवीच. पण लायब्ररीत दोन कपाटांमध्ये कॉलम आला तर काय बिघडतं?

ढाक्यात शिकलेल्या फजलूर रहमान खान यांनी हाच हिशेब उंच इमारतीत मांडला. शिकागोच्या १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरला (१९६९) त्यांनी बाहेरून तिरपे आधार दिले. दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो स्टील पुरलं; एम्पायर स्टेट बिल्डिंगला सुमारे २०६ किलो लागलं होतं.

दुसरी गोष्ट जोडांची. जमेल तिथे वेल्डिंगऐवजी नट-बोल्ट घ्या आणि ड्रॉइंग जपून ठेवा. उद्या इमारत उतरवावी लागली, तर तेच बीम दुसरीकडे उभे राहतील.

सार्वजनिक इमारत लोकांच्या वर्गणीतून उभी राहते. तो पैसा अमानत आहे. नकाशा पक्का झाल्यावर इंजिनिअरच्या हातात फार थोडं उरतं. म्हणून पहिल्याच मीटिंगला त्याला बोलवा, आणि हा प्रश्न तुम्हीच विचारा.